जुन्या संगणकाची खाच : फ्लॉपी, झिप आणि आत अडकलेली मराठी

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा तालुके त्याच्या वाट्याला आले.

त्यानंतर अवघ्या दीड महिन्याने, १५ ऑगस्ट १९९८ रोजी, अमेरिकेत अॅपल कंपनीचा आयमॅक विक्रीस आला. त्या संगणकाला फ्लॉपी ड्राइव्ह नव्हता. त्यावरून तेव्हा मोठा गदारोळ झाला. फ्लॉपीविना संगणक म्हणजे दाराविना घर, असे अनेकांना वाटले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये काढत्या-घालत्या डिस्कच्या धंद्यातील एक मोठे नाव असलेली साइक्वेस्ट ही कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि तिची प्रतिस्पर्धी आयोमेगा हिच्यावर झिप ड्राइव्हच्या बिघाडावरून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला होता.

या दोन घटनाक्रमांचा एकमेकांशी काही कार्यकारणसंबंध नाही. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने ही तारखांची जुळणी नोंदवून ठेवावी अशी आहे. एक जिल्हा जन्माला येत होता, त्याची पत्रके, स्मरणिका, जाहिराती आणि अहवाल संगणकावर जुळवले जाऊ लागले होते. आणि नेमक्या त्याच वर्षी तो मजकूर ज्या साधनावर साठवला जात होता, त्या साधनाची उतरती कळा सुरू झाली. नंदुरबारच्या पहिल्या काही वर्षांचा किती मजकूर आज वाचता येईल, हा प्रश्न त्यामुळे जुन्या संगणकाच्या पुढच्या बाजूस असलेल्या एका अरुंद खाचेपाशी येऊन थांबतो.

या धाग्यात त्या खाचेचा इतिहास पाहायचा आहे.

घरगुती संगणक जन्मला तेव्हा त्याला अशी खाच नव्हतीच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८० च्या दशकात पश्चिमेकडील घरांत आलेले बहुतेक छोटे संगणक आपला मजकूर साध्या ध्वनिफितीवर, म्हणजे गाण्यांच्या कॅसेटवर साठवत. भारतातही तेच झाले. ब्रिटनच्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लस या संगणकाची परवान्याने तयार केलेली आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ साली येथे बाजारात आणली. टेपरेकॉर्डर जोडायचा, कॅसेट लावायची, बटण दाबायचे आणि कर्कश शिट्ट्यांसारखा आवाज ऐकत बसायचे. ४८ किलोबाइट स्मृती भरायला सुमारे पाच मिनिटे लागत. मध्येच आवाज किंचित घसरला की पुन्हा पहिल्यापासून.

कॅसेटचा खरा दोष तिचा संथपणा हा नव्हे. फीत ही एका सरळ रेषेत धावते. मधला एखादा परिच्छेद हवा असेल तर त्याच्या आधीची सारी फीत ओलांडावी लागते. तबकडीचे तसे नाही. ग्रामोफोनची सुई उचलून हव्या त्या गाण्यावर ठेवावी, तसे डिस्कचे शीर्ष हव्या त्या वर्तुळावर जाऊन बसते. पोथी आणि गुंडाळी यांच्यात जो फरक, तोच येथे आहे. लिहिलेला मजकूर पुन्हा पुन्हा दुरुस्त करायचा असेल, तर डिस्क हवीच.

अशी लवचीक, काढता येणारी डिस्क प्रथम आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत तयार झाली. अॅलन शुगार्ट यांच्या हाताखाली डेव्हिड नोबल यांनी हे काम केले. उद्देश अगदी मर्यादित होता : मोठ्या संगणकांना सुरुवातीच्या सूचना पुरवणे. १९७१ साली आलेली ती पहिली डिस्क आठ इंच व्यासाची होती, तिच्यात सुमारे ८० किलोबाइट मावत आणि वापरणाऱ्याला ती केवळ वाचता येई. १९७६ मध्ये शुगार्ट यांच्या नावाच्या कंपनीने सव्वापाच इंची ड्राइव्ह काढला, आणि फ्लॉपी मेजावरच्या संगणकाच्या आवाक्यात आली.

आवाक्यात म्हणजे स्वस्त नव्हे. १९७८ साली अॅपलने आपल्या अॅपल टू या संगणकासाठी डिस्क टू हा ड्राइव्ह आणला, तेव्हा त्याची सुरुवातीची किंमत ४९५ डॉलर होती. मूळ संगणक १,२९८ डॉलरला मिळत असे. म्हणजे साठवणीच्या एका डब्यासाठी संगणकाच्या किमतीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग मोजावा लागे. तोही इतरांच्या मानाने स्वस्तच म्हणायचा, कारण स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी ड्राइव्हवर नियंत्रण ठेवणाऱ्या परिपथातील बरेचसे काम सॉफ्टवेअरकडे सोपवून मोजक्याच चिपांत भागवले होते.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. डिस्क टू हा ड्राइव्ह संगणकाच्या बाहेर, वेगळ्या डब्यात होता. संगणकाच्या पोटात होते ते त्याचे नियंत्रक कार्ड. बाहेरचा डबा आणि आतले नियंत्रण ही विभागणी पुढे अनेक वर्षे टिकली. ब्रिटनचा बीबीसी मायक्रो हे त्याचे आपल्याला जवळचे उदाहरण. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांतील संगणक साक्षरतेसाठी ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा सुरुवातीच्या सुमारे २५० शाळांसाठी याच संगणकाची निवड झाली. बीबीसी मायक्रोला फ्लॉपी जोडायची तर आत नियंत्रक चिप बसवावी लागे आणि ड्राइव्ह बाहेर केबलने लावावा लागे. कमोडोर कंपनीचा १५४१ हा ड्राइव्ह तर त्याही पुढचा : त्याला स्वतःचा प्रोसेसर होता. एका संगणकाला दुसरा संगणक जोडल्यासारखेच ते.

ड्राइव्ह पोटात घेण्याची प्रथा रुळली ती १९८० च्या दशकाच्या मध्यास. १९८४ चा मॅकिन्टॉश साडेतीन इंची ड्राइव्ह पोटात घेऊनच आला. त्याला फ्लॉपी बाहेर काढण्याचे बटणच नव्हते. संगणकाची मर्जी झाली की तो ती बाहेर सोडी, आणि रुसला तर समोरच्या बारीक भोकात सरळ केलेली टाचणी खुपसावी लागे. १९८७ च्या अमिगा ५०० मध्ये ड्राइव्ह उजव्या कडेला आत बसवलेला होता. त्याच वर्षीच्या स्पेक्ट्रम प्लस थ्री मध्ये तीन इंची, कठीण कवचाची, आज जवळपास विसरली गेलेली फ्लॉपी चाले. तो ड्राइव्ह रबरी पट्ट्यावर फिरत असे. आज त्या संगणकांचे जतन करणाऱ्यांना पहिली अडचण येते ती याच पट्ट्याची. चाळीस वर्षांत रबर चिकट होऊन वितळते, आणि बाकी सारे यंत्र शाबूत असूनही तबकडी फिरत नाही.

नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि आयातीचे निर्बंध सैल झाले. त्यानंतर भारतीय कार्यालयांत जो संगणक पसरला तो आयबीएम पीसीच्या नमुन्याचा होता. स्वस्त प्रतीच्या यंत्रात हार्ड डिस्क नसे. त्याऐवजी पुढच्या बाजूस दोन सव्वापाच इंची ड्राइव्ह असत, प्रत्येकी ३६० किलोबाइटचे. वरच्या ड्राइव्हमध्ये डॉसची फ्लॉपी घालून यंत्र सुरू करायचे, ती काढून लेखनाच्या प्रोग्रामची फ्लॉपी घालायची, आणि लिहिलेले खालच्या ड्राइव्हमधील फ्लॉपीवर साठवायचे. आजही संगणकात हार्ड डिस्कचे अक्षर ‘सी’ असते, ते यामुळेच. ‘ए’ आणि ‘बी’ ही पहिली दोन अक्षरे या दोन खाचांसाठी राखून ठेवली गेली, आणि खाचा गेल्या तरी अक्षरे अजून रिकामीच आहेत.

या यंत्रांना मराठी येत नव्हती.

तिची सोय करण्याचे मोठे काम पुण्यात झाले. आयआयटी कानपूर येथे भारतीय लिप्यांवर सुरू झालेले संशोधन १९८८ नंतर पुण्यातील सी-डॅक या नव्या संस्थेत आले. मोहन तांबे हे त्यातील प्रमुख नाव. या गटाने जिस्ट नावाचे एक कार्ड तयार केले. ते पीसीच्या आतील खाचेत बसवले की साध्या डॉसच्या प्रोग्राममध्येही देवनागरी उमटू लागे. त्यामागे इस्की नावाची संकेतावली होती. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून तिला मान्यता मिळाली. इंग्रजी अक्षरे पहिल्या १२८ संकेतांत आणि भारतीय लिपी पुढच्या १२८ संकेतांत, अशी तिची साधी मांडणी होती. पुढे युनिकोडमध्ये देवनागरीचा जो भाग आला, तो इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे.

ही वाट सरळ पुढे गेली असती, तर आजचे बरेच दुखणे टळले असते. पण १९९० च्या दशकात विंडोज आले, पेजमेकर आले, आणि गावोगावच्या छापखान्यांनी खिळ्यांची जुळणी सोडून डीटीपी धरले. डीटीपी करणाऱ्याला संकेतावलीशी कर्तव्य नव्हते. त्याला पानावर सुंदर अक्षर हवे होते, आणि टंकलेखन यंत्रावर बसलेला हात तसाच चालायला हवा होता. म्हणून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशी पॅकेजे आली. त्यांतील अक्षरसंचांची रचना इंग्रजीच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवून केलेली होती. एका जागेवर अर्धा ‘क’, दुसरीवर काना, तिसरीवर पहिली वेलांटी. प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फाइलमध्ये प्रत्यक्षात मराठी अक्षर नसतेच; असतात त्या त्या अक्षरसंचाच्या तुकड्यांचे क्रमांक. तो अक्षरसंच नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसते.

आता फ्लॉपीकडे परत यावे, कारण डीटीपीने तिची मर्यादा उघडी पाडली.

साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मावे. नुसत्या मजकुरासाठी ते पुष्कळ होते. एक कादंबरी आरामात बसे. पण ए-फोर आकाराचे एक छायाचित्र छपाईच्या दर्जाने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने, कृष्णधवल स्कॅन केले तरी ते सुमारे ८.७ मेगाबाइटचे होई. त्या एका चित्राला सात फ्लॉप्या. मग फाइल आवळून, तुकडे करून, क्रमांक घातलेल्या फ्लॉप्यांवर चढवायची आणि कोणी तरी ती चवड घेऊन बसने किंवा रेल्वेने मोठ्या शहरात फिल्म काढायला जायचे. चवडीतील एक फ्लॉपी जरी बिघडली, तरी उरलेल्या सहा व्यर्थ. त्या काळातील डीटीपीचालक प्रत्येक फ्लॉपीची दुसरी प्रत घेऊनच निघत, ते काही हौसेने नव्हे.

या अडचणीवर जगात दोन उत्तरे पुढे आली. पहिले साइक्वेस्टचे. सय्यद इफ्तिकार यांनी काही सहकाऱ्यांसह १९८२ मध्ये ही कंपनी स्थापली. त्याआधी सीगेट या हार्ड डिस्कच्या कंपनीच्या संस्थापकांतही ते होते. त्यांची कल्पना धाडसी होती : हार्ड डिस्कची कठीण तबकडीच कवचात घालून काढती-घालती करायची. साइक्वेस्टचे ४४ मेगाबाइटचे कार्ट्रिज छपाईपूर्व कामे करणाऱ्यांत जगभर रूढ झाले. दुसरे उत्तर अमेरिकेतील युटा राज्यातल्या आयोमेगाचे. १९९५ साली विक्रीस आलेला झिप ड्राइव्ह सुमारे २०० डॉलरचा, आणि १०० मेगाबाइटची त्याची एक डिस्क सुमारे २० डॉलरची होती. फ्लॉपीपेक्षा किंचित जाड असलेल्या त्या डिस्कमध्ये जवळपास सत्तर फ्लॉप्यांचा मजकूर मावे.

झिप ड्राइव्ह दोन्ही प्रकारचे मिळत, बाहेरचे आणि आतले. बाहेरचा ड्राइव्ह प्रिंटरच्या समांतर पोर्टला लागे आणि प्रिंटर त्याच्या मागे जोडता येई. ऐकायला सोयीचे, पण मराठी डीटीपीच्या मेजावर त्या एकाच पोर्टवर आधीच एक बिऱ्हाड होते. महागडी भारतीय भाषांची पॅकेजे नकलेपासून वाचवण्यासाठी त्यांच्यासोबत हार्डवेअरचे कुलूप येई, आणि ते कुलूपही त्याच पोर्टमध्ये खोचावे लागे. कुलूप, झिप आणि प्रिंटर अशी एकामागोमाग तिघांची रांग. त्यात कोणी तरी बोलायचे थांबले की सारेच ठप्प.

आतला झिप ड्राइव्ह या भांडणातून मोकळा होता. तो हार्ड डिस्कच्याच आयडीई केबलवर बसे. कॅबिनेट उघडायचे, रिकाम्या कप्प्यात ड्राइव्ह सरकवायचा, त्याच्या पाठीवरील लहानशी कळ मास्टर की स्लेव्ह हे पाहून लावायची आणि वीज जोडायची. एकाच केबलवरील दोघांनीही मास्टर म्हणवून घेतले तर संगणक सुरूच होत नसे. त्या वेळी मुळात घराघरांत संपूर्ण कॅबिनेटलाच ‘सीपीयू’ म्हणत, तेव्हा त्या पेटीच्या पोटात हात घालणे हे धाडसच मानले जाई. तरीही वेग आणि स्थैर्य या दोन्ही दृष्टींनी आतला ड्राइव्ह सरस होता, यात शंका नाही.

झिपचा ऱ्हास एका आवाजाने सुरू झाला. शीर्ष जागेवरून ढळले की ड्राइव्ह टक्‌-टक्‌ असा आवाज करी आणि डिस्क वाचेनाशी होई. त्याला लोकांनी ‘मृत्यूची टकटक’ असे नाव दिले. यातला खरा भयंकर भाग पुढे आहे. बिघडलेले शीर्ष डिस्कच्या कडेला इजा करू शके, आणि ती फाटकी डिस्क दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हमध्ये घातली तर त्या ड्राइव्हचे शीर्षही मोडे. आपली डिस्क चांगली आहे की नाही हे पाहण्यासाठी माणूस ती मित्राच्या संगणकात घाली, आणि रोग तिकडे पोहोचे. यंत्रांतला हा संसर्ग आजही संपलेला नाही. जुनी झिप डिस्क हाती आली की तिचे झाकण हलकेच सरकवून, कड पाहूनच ती ड्राइव्हमध्ये घालावी.

त्यानंतर सीडी लिहिणारे ड्राइव्ह स्वस्त झाले, पेन ड्राइव्ह आले, आणि खाच बुजली. सोनीने जपानमध्ये फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली. अमेरिकेच्या अण्वस्त्र दलाने आठ इंची फ्लॉपी २०१९ पर्यंत वापरली. जपानच्या सरकारी नियमांतील फ्लॉपीची सक्ती तर २०२४ मध्ये संपली.

मग आज कोणा तरुण अभ्यासकाला एखाद्या बंद पडलेल्या छापखान्याच्या कपाटात फ्लॉप्यांचा डबा सापडला, तर पुढे काय?

बाजारात मिळणारा यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह प्रथम आठवतो. तो साडेतीन इंची, नेहमीच्या पद्धतीने लिहिलेल्या फ्लॉप्या वाचतो. सव्वापाच इंची फ्लॉपी त्यात शिरतच नाही, आणि जुन्या मॅकिन्टॉशच्या किंवा अमिगाच्या फ्लॉप्या त्याला उमगत नाहीत. जुन्या मॅकमध्ये तबकडीची फिरण्याची गती बाहेरच्या आणि आतल्या वर्तुळांसाठी वेगवेगळी असे. पीसीचा नियंत्रक ते करू शकत नाही. ग्रीझवीझलसारखी नवी छोटी उपकरणे या अडचणीवर मात करतात. ती तबकडीवरील चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेतात आणि त्यांचा अर्थ नंतर सॉफ्टवेअर लावते. पण त्या उपकरणालाही तबकडी फिरवायला जुना, संगणकाच्या पोटातला खराखुरा ड्राइव्हच लागतो.

त्यामुळे शेवटी जुने यंत्र उघडावेच लागते. मदरबोर्डवरील गोल बॅटरी संपलेली असते, म्हणून यंत्र आपल्या ड्राइव्हचा प्रकार विसरलेले असते. तो सेटअपमध्ये जाऊन पुन्हा सांगावा लागतो. फ्लॉपीच्या पट्टीसारख्या केबलमध्ये काही तारा पिळलेल्या दिसतात. तो दोष नव्हे. ‘ए’ कोणता आणि ‘बी’ कोणता हे त्या पिळावरून ठरते. सव्वापाच इंची ड्राइव्हच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हचे शीर्ष ३६० किलोबाइटच्या ड्राइव्हपेक्षा अरुंद असते. तो जुनी फ्लॉपी वाचतो उत्तम. पण तिच्यावर लिहिले, तर रुंद रेघेच्या मधोमध बारीक रेघ उमटते, कडेला जुन्याचे अवशेष राहतात, आणि मूळ ड्राइव्हला मग दोन्ही एकदम ऐकू येतात.

यासाठी पहिला नियम : फ्लॉपी घालण्यापूर्वी तिच्यावर लिहिणे बंद करावे. साडेतीन इंचीत कोपऱ्यातील लहान खिडकी उघडी असली की लेखन बंद होते. सव्वापाच इंचीत नेमके उलटे. तेथे कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की लेखन बंद होते. हा खबरदारीचा अतिरेक वाटू नये. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणाली फ्लॉपी नुसती पाहतानाही तिच्या पहिल्याच कप्प्यात आपली खूण लिहून ठेवत. वाचणाऱ्याने मूळ कागदावर सही करून जावे, तसे ते. झिप डिस्कला तर अशी खिडकीही नाही. तिचे कुलूप सॉफ्टवेअरनेच लागते. ड्राइव्हचेही पाहून घ्यावे : झिपचा २५० मेगाबाइटचा ड्राइव्ह १०० ची डिस्क वाचतो आणि लिहितोही, ७५० चा केवळ वाचतो. जतनाच्या कामाला हा ७५० चा ड्राइव्ह म्हणूनच अधिक सुरक्षित.

पावसाळ्यात दमट झालेल्या फ्लॉपीवर बुरशी धरते, ती डोळ्यांना पांढुरक्या ठिपक्यांसारखी दिसते. फ्लॉपीचे शीर्ष तबकडीला टेकूनच फिरते, त्यामुळे बुरशी शीर्षावर येते आणि पुढच्या प्रत्येक फ्लॉपीला खरवडते. ठिपके दिसले की ती फ्लॉपी बाजूला ठेवून स्वच्छ करेपर्यंत घालू नये.

समजा, हे सारे पार पडले आणि फाइल हाती आली. मग दुसरे कुलूप समोर येते, अक्षरसंचाचे.

जुन्या अक्षरसंचातून युनिकोडमध्ये मजकूर आणणारी साधने आहेत, आणि त्यांचे बहुतेक काम चोख असते. ती अडखळतात ती मराठीच्या खास जागी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा र. हा अर्धा र मराठीला हवा, हिंदीला नको. त्यामुळे हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले साधन तो टाकून देते किंवा त्याचा रफार करते. सातपुड्याच्या दऱ्यांवरील लेख मग सातपुड्याच्या दर्यांवर तरंगू लागतो.

मराठी वाचकाच्या हे लगेच लक्षात येते, तो हसतो आणि दुरुस्त करतो. नंदुरबारमध्ये खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तिच्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. भिली, पावरी, मावची, देहवाली अशा भाषा येथे बोलल्या जातात. खाली मैदानात अहिराणी आणि गुजरी. या भाषांतील गाणी, कथा, शब्द देवनागरीत लिहिले जातात, आणि ज्या काळात ते संगणकावर लिहिले गेले असतील त्या काळात ते याच अक्षरसंचांत लिहिले गेले असणार. अशा मजकुराचे रूपांतर चुकले तर ते कोणाच्या लक्षात येईल? त्या भाषांना शब्दकोशाची तपासणी उपलब्ध नाही. नासिक्य उच्चार दाखवणारे चिन्ह गळाले, किंवा ऱ्हस्वाचे दीर्घ झाले, तर पडद्यावर दिसणारा शब्द तरीही शब्दासारखाच दिसतो. परक्या वाचकाला तो खराच वाटतो. चूक ओळखणारा माणूस त्या भाषेचा बोलणाराच असला पाहिजे, आणि तो त्या वेळी संगणकाजवळ असला पाहिजे. फाइल हरवण्यापेक्षा ती अशी बिघडून वाचणे अधिक वाईट, कारण हरवलेल्याची निदान उणीव तरी भासते.

म्हणून या क्षेत्रात काम करणारे तीन प्रती ठेवतात. एक, फ्लॉपीची जशीच्या तशी प्रतिमा, प्रत्येक बाइटसह. दोन, मूळ अक्षरसंचातील फाइल, आणि शक्य असेल तर तो अक्षरसंच. तीन, युनिकोडमध्ये केलेले रूपांतर. तिसरी प्रत कितीही सुबक दिसली तरी पहिल्या दोन पुसून टाकायच्या नाहीत. उद्या पावरी बोलणारा कोणी बसला, तर त्याला मुळाशी जाता आले पाहिजे.

काढत्या डिस्कची गोष्ट नंदुरबारमध्ये १९९८ ला संपत नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या समारंभास उपस्थित होते. आधारच्या नोंदणीचे सॉफ्टवेअर इंटरनेटविना चालावे असेच रचलेले होते, कारण देशाच्या मोठ्या भागात नोंदणीच्या जागी जोडणी मिळण्याची खात्री नव्हती. बोटांचे ठसे, डोळ्यांच्या प्रतिमा आणि पत्ता यांची कूटबद्ध पाकिटे प्रथम लॅपटॉपमध्येच साठत, त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली जाई, आणि नंतर ती मध्यवर्ती केंद्राकडे रवाना होत. जगातील एका प्रचंड संगणकीय नोंदवहीची सुरुवात होत असतानाही, दिवसभराचे काम संध्याकाळी एका काढत्या डिस्कवर उतरवून घेण्याची रीत कायम होती.

डीटीपीचा चालक फ्लॉप्यांची चवड पिशवीत घालून ज्या कारणाने बसस्थानकावर उभा राहत असे, तेच कारण येथेही होते : तार पोहोचलेली नव्हती, रस्ता मात्र होता.